लाईट आली की आपोआप

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. गाडीच्या डिकीत जुन्या वायरी, तुटक्या पिना, दांडा उडालेला स्क्रू ड्रायव्हर असं काय काय साठत जातं ना, तसे ते साठतात. आणि एकदा डिकी उघडली की सगळं अंगावर येतं! परवा ऑफिसात दिलीपरावांच्या वाढदिवसाचा केक कापला आणि केक खायला आलेलं कोणीतरी म्हणालं, "ते हळदीचं सांग की!" झालं. केक संपला, पण उठलं कोणीच नाही.

आमचं ऑफिस बारामतीत, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माणसं तीन. दिलीपराव मालक. ते पूर्वी पाण्याच्या मोटारी रिवाइंड करून द्यायचे, त्यामुळं वायर दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. सुजित सॉफ्टवेअर लिहितो आणि शक्यतो बोलत नाही. आणि मी वर्षा. सुजितनं लिहिलेलं गावोगाव जाऊन बसवायचं आणि मग जन्मभर त्याचे फोन घ्यायचे, हे माझं काम.

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवर चालतं. शेतकरी कॅन घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, मशीनवर फॅट लागतं, पावती निघते. हे सगळं जुळवणारा सर्व्हर म्हणजे टेबलाखाली ठेवलेला एक काळा डबा. सर्व्हर म्हटलं की लोकांना काचेची खोली आणि एसी आठवतो. आमच्या सर्व्हरवर कोंबडी बसलेली मी पाहिली आहे!

अडचण एकच होती. लाईट. लाईट जायची, यूपीएस थोडा वेळ कण्हायचा, मग सगळं बंद. लाईट परत आली की डबा आपोआप सुरू व्हायचा, तेवढं सेटिंग आम्ही केलेलं. पण त्यातलं आमचं सॉफ्टवेअर झोपलेलंच! ते कोणीतरी हातानं सुरू करावं लागायचं. आणि ते 'कोणीतरी' म्हणजे फोनवर मी.

* * *

लोणी भापकरच्या केंद्राचे चेअरमन आबा. वय सत्तरीच्या पुढं, आवाज खणखणीत. सकाळी उजाडता उजाडता त्यांचा फोन.

"ताई, डबा चालू हाय, पर बोलत न्हाय!"

मी म्हटलं, "आबा, स्क्रीनवर काळी खिडकी दिसतीय का? तिच्यात मी सांगते ते टाईप करा. आधी स्लॅश."

"त्यो काय असतोय?"

"तिरकी रेघ."

मागून कॅनचा खणखणाट आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. रांग लागलेली. दूध काही थांबत नाही, ते नासतं.

"ताई, हितं दोन तिरक्या रेघा हायत. कुणीकडं झुकल्याली घिऊ?"

"उजवीकडं झुकलेली."

"माझ्या उजवीकडं का कॉम्प्युटरच्या? आमी समोरासमोर बसलोय!"

मी डोळे मिटले. शेवटी म्हटलं, "आबा, वरचं टोक खिडकीकडं आहे ती घ्या." नशिबानं त्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे ते मला आठवत होतं. सॉफ्टवेअर सुरू झालं, रांग हलली. फोन ठेवताना आबा म्हणाले, "ताई, एक सांगू का? खिडकी आपली पक्की हाय. पर टेबल हलवायचं झालं तर आधी तुमाला ईचारतो!"

* * *

त्या दिवशी मी ऑफिसात जाहीर केलं, "एक तर हे आपोआप सुरू करा, नाहीतर फोन तुम्ही घ्या."

फोन घ्यायचा म्हटल्यावर सुजित इतका घाबरला, की दोन दिवस जागचा उठला नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं. "झालं. आता कॉम्प्युटर सुरू झाला की सॉफ्टवेअर सुरू."

दिलीपरावांनी बाह्या सरसावल्या, ऑफिसातल्या डब्याचा प्लग उपसला आणि परत लावला. पंखा घरघरला, स्क्रीन उजळली, आणि तिथंच थांबली. 'पासवर्ड टाका.'

सुजित म्हणाला, "एवढा पासवर्ड टाकला की पुढचं सगळं आपोआप."

दिलीपराव स्क्रीनकडं बघत राहिले. म्हणाले, "पाव्हणा घरापर्यंत आपोआप आला म्हणतोस. पण दार वाजवून उभाच आहे की रे!"

तरी तिरक्या रेघेपेक्षा पासवर्ड बरा, असं म्हणून आम्ही तेच सगळीकडं बसवलं. आणि मग आली ती हळद.

* * *

पिंपळीच्या केंद्रावर सागर नावाचा मुलगा कॉम्प्युटर बघायचा. कामाला चोख. पासवर्ड त्यानं स्वतःच ठेवलेला आणि स्वतःपाशीच ठेवलेला. त्याच्या हळदीला मला आमंत्रण होतं, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

संध्याकाळचं संकलन सुरू व्हायची वेळ. मांडवात सागर हळदीनं पिवळाधमक बसलेला. नवरीकडची मंडळी सामान घेऊन नुकतीच आलेली. नवरीचं नाव प्रियांका, तिचा भाऊ पुढंच खुर्चीवर. डीजे जनरेटरवर दणदणत होता. गावातली लाईट जाऊन आलीय, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात केंद्राचे सचिव धापा टाकत मांडवात शिरले. "सागर, पासवर्ड सांग! लोकं खोळंबल्याती!"

सागर का कोण जाणे, लाजला. "कानात सांगतो," म्हणाला. पण डीजेपुढं कानात काय ऐकू येणार? सचिव ओरडले, "मोठ्यानं!" सागर मोठ्यानं म्हणाला. "अजून मोठ्यानं!" सागरनं सगळा जीव गोळा केला, आणि नेमकं त्याच क्षणी डीजेवाल्यानं गाणं बदलायला आवाज बंद केला.

"स्वाती!!"

प्रियांकाचा भाऊ हळूच उठून उभा राहिला.

"कोण स्वाती?"

सागरचे वडील हात जोडून धावले. "अवो पाव्हणं, गैरसमज नको! स्वाती आमची म्हैस हाय! पहिल्या वेताची हाय!"

भाऊ काही बसेना. म्हणाला, "दाखवा."

मग सगळी वरात मांडवातून गोठ्यात! पुढं भाऊ, मागं वडील, त्यांच्यामागं हळदीचा नवरदेव, आणि शेवटी मी, कारण मलाही बघायची होती. गोठ्यात एक काळीभोर, चकचकीत म्हैस शांतपणे रवंथ करत उभी. वडिलांनी "स्वाती!" अशी हाक मारली. म्हशीनं मान वळवून पाहिलं.

भावानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याचा चेहरा निवळला. म्हणाला, "नाव शोभतंय!"

लग्न व्यवस्थित पार पडलं. प्रियांका आता स्वतः केंद्रावर बसते. पासवर्ड तिनं पहिल्याच आठवड्यात बदलला!

* * *

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हसून झाल्यावर दिलीपराव गंभीर झाले. "सुजित, कुणाच्या डोक्यातला पासवर्ड लागताच कामा नये. माणूस हजर असो-नसो, लाईट आली की काम सुरू."

या वेळी सुजितनं मुळाला हात घातला. त्यानं सॉफ्टवेअरची 'सर्व्हिस' केली. म्हणजे कोणी पासवर्ड टाको न टाको, डबा सुरू होताना जी आतली कामं आपसूक उठतात, त्यांच्यातच आमचंही नाव लावून टाकलं. प्लग काढला, लावला. स्क्रीन पासवर्डपाशीच थांबली, पण आतून पावतीचा प्रिंटर 'टर्रर्र' करून तयार झाला! दिलीपरावांनी सुजितला मिठी मारली. सुजितला ते आवडलं नाही, पण तो हसला.

त्या दिवसापासून दिलीपरावांना प्लग काढायचं वेड लागलं. कुठल्याही केंद्रात गेले की नमस्काराच्या आधी प्लग!

इंदापूर तालुक्यातल्या एका मोठ्या संस्थेत आमचा डेमो होता. संचालक मंडळ ओळीनं बसलेलं. दिलीपरावांनी छोटंसं भाषण ठोकलं, "मंडळी, आता बघा!" म्हणाले आणि झोकात प्लग उपसला.

सर्व्हर चालूच! स्क्रीन चालू, काटा चालू, पावत्या निघतायत!

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन तर उभेच राहिले. "वा! प्लग काढला तरी चालू! ह्याला म्हणायचं सॉफ्टवेअर!"

दिलीपरावांनी हातातल्या प्लगकडं पाहिलं, मग वायरीचा माग काढत काढत वर पाहिलं. कोपऱ्यातला टेबल फॅन थांबलेला होता.

त्या क्षणी गप्प बसले असते तरी ऑर्डर मिळाली असती. पण तो माणूस तसा नाही. म्हणाले, "माफ करा, हा पंख्याचा निघाला." मग त्यांनी खरा प्लग काढला. सगळं काळं झालं. परत लावला, आणि कोणी बोटसुद्धा न लावता सगळं जिथल्या तिथं सुरू झालं. शेवटची पावती जिथं तुटली होती, तिथून पुढं!

आम्ही छाती फुगवून मंडळाकडं बघितलं. चेअरमन जरा नाराज दिसले. म्हणाले, "हे बी चांगलंय. पर मगाचं जास्त बरं हुतं!"

ऑर्डर मात्र दिली.

* * *

निमगाव केतकीला महिलांची दूध संस्था आहे. अध्यक्षा कमलताई. पन्नाशीच्या, कामाला वाघीण. त्यांचा कॉम्प्युटर जुना आणि सुस्त. तिथं आमची सर्व्हिस कधी उठायची, कधी नाही. सुजितला स्वतः जावं लागलं. मी सोबत, कारण बोलायला कोणीतरी हवं.

सुजितनं दोनदा डबा बंद-चालू केला आणि त्याला दोष सापडला. आमचं सॉफ्टवेअर घाईघाईनं उठत होतं. सगळा हिशोब ज्याच्या पोटात असतो तो डेटाबेस अजून झोपेत. मग सॉफ्टवेअर त्याला हाका मारायचं, उत्तर आलं नाही की खट्टू होऊन परत झोपून जायचं.

कमलताईंनी विचारलं, "झालंय काय पर?"

सुजित बोलला! म्हणाला, "ताई, दोघांचा क्रम लावायला पाहिजे. आधी डेटाबेस उठणार. तो पूर्ण उठून बसला, की मगच आपलं सॉफ्टवेअर उठणार."

कमलताईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजी सासू उठल्याबिगर सून उठणार न्हाय?"

"तसंच."

"आवं, मग आमालाच का न्हाय बसवत त्ये?"

खोलीतल्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एका कोपऱ्यात एक म्हातारी मात्र हसली नाही. ती कमलताईंची सासू निघाली!

ते दुखणं तिथंच मिटलं. तेव्हापासून आमच्या ऑफिसात डेटाबेसला कोणी डेटाबेस म्हणत नाही. मागे एकदा मोठ्या कंपनीतले लोक आले होते, त्यांच्यासमोर सुजित शांतपणे म्हणाला, "सासूबाईंना जरा जास्त मेमरी दिली पाहिजे."

* * *

आता सगळं जमलं म्हटल्यावर सुजितला चेव चढला. त्यानं आणखी एक सूचना घातली. सॉफ्टवेअर मधेच काही कारणानं पडलं, तर लगेच पुन्हा उठायचं. किती वेळा? कितीही वेळा! शिवाय सुरू झाल्यावर बाहेरच्या कर्ण्यावरून गावाला कळावं म्हणून आवाज टाकला. आवाज माझा. "नमस्कार! दूध संकलन सुरू झाले आहे. सभासदांनी यावे!" तीनदा रेकॉर्ड केलं, गोड यावा म्हणून.

पहिल्यांदा बसवलं ते लोणी भापकरला, आबांकडं. भर दुपारी त्यांचा फोन.

"ताई, मागं मी म्हणलो हुतो ना, बोलत न्हाय म्हणून?"

"हो."

"आता त्येला गप बसवा!"

फोनमधून मला माझाच आवाज ऐकू येत होता. "नमस्कार! दूध संकलन सुरू झाले आहे..." संपला की दम घेऊन पुन्हा, "नमस्कार!" कोणीतरी मोबाईल चार्ज करायला काट्याची वायर काढली होती. सॉफ्टवेअर उठायचं, काटा सापडायचा नाही, पडायचं, परत उठायचं. आणि दर वेळी गावाला नमस्कार!

"आबा, लोक काय म्हणतायत?"

"म्हणतायत कुठं, आलीत की! उनातान्हात कॅन घिऊन उभी हायत. दोघींनी तर म्हशी पिळल्या बी! मी सांगतोय, वेळ झाली न्हाय, तर म्हणत्यात तुमच्यापरास ती बाई जास्त खात्रीनं सांगतीया!"

काटा जोडायला लावला, नमस्कार थांबला. आलेलं दूध आबांनी तेवढ्यातही मोजून घेतलं, एक थेंब परत पाठवला नाही. सुजितनं मग चार-दोनदा पडलं की गप उभं राहून मदतीची वाट बघायची, अशी सुधारणा केली, आणि ती बसवायला मी लोणीला गेले.

स्टँडजवळच्या हॉटेलात शिरले आणि म्हटलं, "नमस्कार! एक चहा द्या."

बाकड्यावर पेंगणारा एक जण दचकून उठला आणि खाली वाकून कॅन शोधायला लागला!

* * *

आणि हा निमगावचा.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी असं वादळ सुटलं, की बारामतीत आमच्या खालच्या दुकानाची पाटी उडून समोरच्या गॅरेजमध्ये गेली. वारा पडला तशा बातम्या यायला लागल्या. निमगावकडं झाडं पडलीत, पोल आडवे झालेत. कमलताईंचा फोन लागेना. तिथल्या सचिवांचा लागेना. कोणाचाच लागेना.

संध्याकाळचं संकलन तोंडावर आलेलं. तिथं कितीतरी बायकांचं घर त्या दुधावर चालतं. दिलीपरावांनी गाडीची किल्ली घेतली. सुजितनं ऑफिसातला शिल्लक डबा मांडीवर घेतला. मी वायरी, टूलकिट, टॉर्च.

रस्त्यात जागोजागी फांद्या. लासुर्ण्याच्या पुढं एक बाभूळ आडवी पडलेली. लोक कुऱ्हाडीनं तोडत होते, आम्हीही उतरून ओढू लागलो. सुजित मांडीवरचा डबा सोडेना, म्हणून तो गाडीतच. "आपलं सॉफ्टवेअर काय करणार यात," एवढंच तो एकदा पुटपुटला.

निमगावात पोचलो. केंद्राच्या खोलीचे पत्रे गेलेले. आत चिखल, टेबल उलटं, भिंतीवरून तुटक्या वायरी लोंबतायत. आणि टेबलाखालची जागा रिकामी! डबाच नाही. सुजित तिथंच दगडावर बसला. "गेला," म्हणाला. मी त्याला इतकं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दिलीपरावांनी मान वर केली. "ऐका."

कुठूनतरी जनरेटरची धडधड येत होती. आणि तिच्यात मिसळून कॅनचा खणखणाट.

आवाजाच्या रोखानं आम्ही पळत सुटलो. गावाबाहेर एका बागायतदाराचं डाळिंबं खोक्यात भरायचं पॅकहाऊस. दारापासून रस्त्यापर्यंत बायकांची रांग. आत क्रेटवर क्रेट रचून टेबल केलेलं, त्यावर काटा, शेजारी फॅटचं मशीन, आणि खाली खताच्या पोत्यावर आमचा काळा डबा! एका कोपऱ्यातून चेमटलेला, मातीनं माखलेला. स्क्रीनसुद्धा नव्हती, ती फुटलेली. प्रिंटरमधून पावती निघाली. टर्रर्र. कमलताईंनी ती फाडून हातावर ठेवली आणि ओरडल्या, "चला, पुढची!"

सुजितच्या हातातला शिल्लक डबा मी काढून घेतला, नाहीतर पडला असता.

"ताई," त्यानं विचारलं, "हा चालू कुणी केला?"

कमलताईंनी काट्यावरची नजर हलवली नाही. "चालू कुणी करायचाय? वारं सुटल्याबरूबर आमी त्येला पोत्यात गुंडाळून हितं आणला. जनरेटर लावला, वायरी जोडल्या. मग त्येचा त्यो उठला!"

"बघू का एकदा?" सुजित खाली वाकला.

"ए! चालत्याला हात लावू नगा! आलायसा तर कॅन धरा!"

आम्ही तिघांनी कॅन धरले. शेवटच्या बाईपर्यंत धरले. दिलीपरावांचा आदल्या वाढदिवसाला शिवलेला शर्ट दुधानं भिजला, तरी ते पोरासारखे उड्या मारत होते. टँकर उशिरानं का होईना, आला आणि एकूण एक कॅन ओतून भरला.

निघताना टँकरच्या ड्रायव्हरनं आमच्याकडं बोट करून कमलताईंना विचारलं, "ही माणसं नवीन दिसत्याती. कोण म्हणायची?"

कमलताई पदराला हात पुसत म्हणाल्या, "ही व्हय? कॉम्प्युटरवाली हायत, बारामतीची. त्यांचं आता हितं काय बी काम न्हाय!"

सुजित हसत दोन पावलं पुढं आला. "काय म्हणालात ताई? परत म्हणा की!"